जवाब देणारी भिंत

१२ एप्रिल १९८३, उदगीर

पडदा! मालकांना पडदाच हवा. मखमली, वर सरकणारा. गुरुपादप्पा मालक म्हणजे संगीत शाळेच्या ट्रस्टचे अध्यक्ष. आडत दुकान, कपाळाला भस्म, आणि साधं 'बसा' म्हणाले तरी लिलाव चालल्यासारखं वाटतं. "जिल्हा लातूरला झाला, कचेऱ्या लातूरला गेल्या. उदगीरला काय राहिलं सांगा की म्याडम? निदान थेटर तरी होऊ द्या."

मी, या कामाची वास्तुविशारद, सांगून पाहिलं. निजामाच्या काळातली दगडी इमारत, सागवानी खांबांवर पेललेलं माळवद, एवढा देखणा दिवाणखाना. त्यात नवा मंच बसवू, नवे दिवे, आवाजाची सोय, सगळं करू. पण खुर्च्या ठोकून त्याची टॉकीज करायची नाही.

"न्हाई करायची. पण पडदा पायजे."

देईन पडदा. बाकी सगळं माझ्या मनासारखं करून घेईन.

१४ एप्रिल

जयंती. पहिल्यांदाच नांदेडला घरी गेले नाही. आई रुसली असणार. इथल्या मिरवणुकीत थोडं चालले, विहारात खीर खाल्ली आणि परत नकाशावर बसले. मंचाला जागा पुरत नाही. कुठून काढू?

१५ एप्रिल

सुटला प्रश्न! दानम्माबाईंनीच सोडवला.

बाई इथल्या गाण्याच्या गुरू. मालकांच्या आत्यासुद्धा त्यांच्याकडे शिकलेल्या. आज त्यांनी सगळी इमारत हिंडून दाखवली. गल्लीकडच्या भिंतीपाशी थांबल्या, तळहात ठेवला आणि म्हणाल्या, "ही भिंत जवाब द्यायली बघ, पोरी." मी वाकून पाहिलं. खरंच, गिलावा फुगलेला, वरून खाली तडा. आमच्याकडे काही कामातून गेलं की जवाब दिला म्हणतात. दादांच्या गुडघ्यांनी जवाब दिला, शेजारच्यांच्या मोटारीने जवाब दिला. आता हिचा नंबर.

माळवदाचा भार खांबांवर आहे, भिंतीवर नाही. तेव्हा ती उतरवायची आणि तिथे विटांची पातळ भिंत घालायची. जुनीची उरलेली जाडी मंचाला मिळते. नकाशावर लाल रेघ मारून टाकली.

२ मे

भिंत उतरवायला सुरुवात. बाई बहिणीकडे देवणीला गेल्यात, बरंच झालं, धुळीचा त्रास नको त्यांना. भीमा मिस्त्री कुरकुरतोय. "म्याडम, लई घट हाय ही. घामटं काढायली." मी म्हटलं, चालू द्या, उन्हाची तक्रार भिंतीवर घालू नका.

४ मे

लिहायचं मन नाही. पण लिहिते.

बाई देवणीहून आल्या. दारातच उभ्या राहिल्या. बैलगाडी जाईल एवढं भगदाड पडलं होतं, पलीकडची गल्ली दिसत होती.

"कुणी पाडायला सांगितली?"

"तुम्हीच म्हणालात ना बाई, भिंत जवाब द्यायली म्हणून."

त्या दगडांच्या ढिगावर खाली बसल्या. "यव्वा," कानडीत आईला हाक मारल्यासारखं म्हणाल्या. मग, "अगं, मी सूर लावला की ती परत द्यायची मला. सवाल केला की जवाब. हिच्यापुढं बसूनच शिकवलं मी सगळ्यांना."

तंबोरा उचलला आणि घरी गेल्या. शाळेत पाय ठेवणार नाही म्हणाल्या.

तडा नुसता गिलाव्याला होता. मला एकदा 'म्हणजे काय हो बाई' विचारायला काय झालं होतं? तोंड झिजणार होतं? आपल्याला हवं तेच कानांनी ऐकलं. लाज वाटते.

५ मे

रडून झालं. भिंत परत उभी करायची. तेच दगड, तीच जागा, तेवढीच जाडी. भीमाला बसवून प्रत्येक दगडावर खडूने खुणा करून घेतल्या. नकाशाही नवा. मंच मधोमध, बुटका. गाणारी व्यक्ती भिंतीकडे तोंड करून बसेल, ऐकणारे दोन्ही अंगांना. हीच खरी या खोलीची बैठक, आधीच दिसायला हवी होती.

मालक भडकले. "पाडायचं तुम्हीच, बांधायचं बी तुम्हीच. आन् पडदा?"

"पडदा नाही."

पाय आपटत निघून गेले.

९ मे

बाईंच्या घरी गेले. चहा दिला, अर्धा कप. त्यांच्या गल्लीचा नळही आटलाय. निघताना म्हणाल्या, "भिंत उभी ऱ्हायली की सांग."

सांगेन. उभी करूनच सांगेन.

११ मे

बोंबला. तहसीलचा हुकूम निघालाय, बांधकामाला गावातलं पाणी मिळणार नाही. बरोबरच आहे म्हणा. माणसांना प्यायला नाही तिथे चुन्याला कुठून द्यायचं? पण चुना काय थुंकीने कालवू?

१६ मे

टँकर नेमका आमच्या गल्लीत लागतो, भगदाडासमोर. बायका घागरी लाइनीत लावतात आणि सावलीला सरळ आत येऊन बसतात, माझ्या नकाशांवर! आज ओरडले, ही शाळा आहे, एसटी स्टँड नाही. त्यांच्यात पंचफुला म्हणून एक आहे, जिभेला हाड नाही. म्हणाली, "बाई, सावली शाळेची न्हाई घ्यायची तर कुणाची घ्यायची? तुमच्या कागदाची?"

सगळ्या हसल्या. मलाही हसू आलं, पण दाखवलं नाही.

२१ मे

मालक विरघळले! त्यांच्या मळ्यातल्या विहिरीला तळाशी पाणी आहे. चुन्यापुरती पिंपं गाडीवर घालून पाठवतो म्हणाले. "दानम्माबाई शाळेत न्हाई म्हंजे आमच्याच तोंडाला काळं." मंगळवारी काम सुरू. भीमाला निरोप दिला.

२४ मे

पिंपं आली. टँकर आला नाही.

बायका सकाळपासून बसून होत्या. गाडी भगदाडापाशी लागली तशा सगळ्या उठून उभ्या राहिल्या. कुणी काही मागितलं नाही. पंचफुलासुद्धा नुसती पिंपांकडे बघत होती. भीमा म्हणाला, "म्याडम, चुना भिजवू का?"

'नको' म्हटलं. वाटून टाकलं सगळं. मालकांना काय सांगू? आणि बाईंना? भिंत पुन्हा राहिली. घागरी भरून गेल्यावर त्या रिकाम्या पिंपांवर लाथ मारली. पायाला लागलं.

२५ मे

मालकांना खरं ते सांगितलं. वही उघडून हिशेबाला लागले. पुन्हा पाणी पाठवतो असं काही म्हणाले नाहीत. काही हरकत नाही. पाऊस होऊ दे, आषाढात बांधेन. श्रावणात बांधेन. पण बांधेन.

३१ मे

बाई आज लाइनीत होत्या, हातात घागर. माझ्याकडे पाहिलं नाही. ऊन फार झालं तशा काही जणींबरोबर आत आल्या आणि भगदाडाच्या कडेला दगडावर बसल्या, गल्लीकडे तोंड करून. थोड्या वेळाने त्यांनी एक ओवी धरली आणि अर्ध्यातच सोडली. बाहेरून पंचफुलाने ती पुरी केली. बाईंनी दुसरीही अर्ध्यात सोडली, ती अख्ख्या लाइनीने उचलली. नीट ऐकू यावं म्हणून टँकरवाल्याने इंजिन बंद केलं. सवाल बाईंचा, जवाब गल्लीचा.

उद्या भीमाला सांगायचं, दगडांवरच्या खुणा पुसून टाक. भिंत बांधायची नाही.