इस्त्री केलेला शेरा

१० जून

उत्तरेकडच्या रिवेरा शहरातून फोन. तिथल्या एका दवाखान्यातल्या मुलांच्या डॉक्टर. आवाज तरुण, फार थकलेला. आमच्या वैद्यकीय नियतकालिकाच्या मार्चच्या अंकातल्या लेखाबद्दल विचारत होत्या. टाके घालण्याआधी लहान मुलांना गुंगीचं औषध किती द्यावं, त्यावरचा लेख. त्यातल्या तक्त्याची तिसरी ओळ.

त्या ओळीप्रमाणे त्यांनी दोन वर्षांच्या मुलीला औषध दिलं. हनुवटीला टाके घालायचे होते, बस. मुलगी उठेना. श्वास मंदावला. यंत्रावर ठेवावी लागली.

"आज सकाळी जागी झाली. दूध मागितलं," त्या म्हणाल्या. मग — "पण बाई, तुमच्याकडे छापायच्या आधी हे कुणी वाचत नाही का?"

"वाचतात," मी म्हटलं.

फोन ठेवला. मला कळलं होतं. फोन चालू असतानाच कळलं होतं.

११ जून

बेंतांकोर डॉक्टरांनी सकाळीच लेख संकेतस्थळावरून उतरवला. देशातल्या सगळ्या दवाखान्यांना निरोप गेला — तक्ता वापरू नका, भिंतीवर लावला असेल तर काढा. ते मुख्य संपादक आहेत आणि अशा वेळी त्यांचे हात भराभर चालतात. मी नुसती पत्ते काढून देत होते.

चूक साधी आहे. आमच्याकडे दशांशाला स्वल्पविराम देतात. दीड लिहायचं तर एक, स्वल्पविराम, पाच. तक्ता टाइप करताना स्वल्पविराम गळला. पंधरा झाले.

लेख लिहिणारी माइते सिल्वेइरा, ताकुआरेम्बो गावची, अजून शिकतेच आहे. फोनवर रडत होती. "समीक्षकांनी सांगितलं ते सगळं आम्ही केलं हो! 'तक्त्यांची मांडणी अधिक स्पष्ट करावी' असं होतं. आम्ही रेषा ठळक केल्या. अक्षर मोठं केलं!"

ते वाक्य माझं आहे. समीक्षकाचं नाही.

१२ जून

कुणाला सांगितलं नाही.

१३ जून

इथे तरी नीट लिहावं.

लेख आला की तो दोन जाणकारांकडे जातो. लेखकाला त्यांची नावं कळत नाहीत, त्यांना लेखकाचं नाव कळत नाही. ते शेरे पाठवतात. शेरे माझ्या हातून लेखकाकडे जातात. काही जाणकार फार टोचून लिहितात, आणि नवी पोरं खचतात, पुन्हा लेख पाठवत नाहीत. म्हणून बेंतांकोर डॉक्टरांनी मला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, "निबिया, पाठवण्याआधी जरा इस्त्री फिरवत जा." तोच शब्द राहिला. अपमान काढायचा, मुद्दा ठेवायचा. मी इथली सचिव, शिक्षणाने ग्रंथपाल, डॉक्टर नाही. पण सभ्य भाषा मला येते. या कामात माझं नाव होतं.

औषधांचे लेख एल्बिओ इरिगाराईकडे जायचे. माझा भाऊ. औषधशास्त्र शिकवण्यात त्याचा जन्म गेला आणि त्याच्याइतकं टोचून कुणी लिहीत नसे. त्याच्या अहवालांना इस्त्री करताना मला घाम यायचा. हसूही यायचं.

माइतेच्या लेखावर त्याने दोन पानं लिहिली होती. त्यात हे होतं —

"तिसऱ्या ओळीतल्या मात्रेने प्रदर्शनातला बक्षीसपात्र बैल तीन दिवस उठणार नाही. लेखकांनी आयुष्यात मूल पाहिलंय की बैलच, ते आधी ठरवावं."

मी वाचलं. हसले. या पोरीला हे कसं पाठवायचं, असं मनात आलं. काढलं. त्या जागी मांडणीचं वाक्य घातलं.

अपमान आणि मुद्दा एकाच वाक्यात होते. मला ते दिसलं नाही.

एल्बिओ मे महिन्यात गेला. हृदय. अजून त्याच्या नावाने टपाल येतं.

१५ जून

रविवार. झुल्माकडे गेले, एल्बिओच्या बायकोकडे. मी गेले नाही तर वहिनी जेवत नाही, असं शेजारीण सांगते. मसुराचा रस्सा केला होता, चार माणसांचा.

"जास्त झालं," ती म्हणाली. "हात ऐकतच नाही. तू दोनदा घे. काडीच आहेस तू, तो म्हणायचा ते खोटं नव्हतं."

एल्बिओ मला काडी म्हणायचा. साठी उलटली तरी.

मग त्याच्याच गोष्टी. त्याने रागावून सोडलेल्या सभा, बँकेतल्या माणसाशी घातलेले वाद. झुल्मा हसत होती, डोळे पुसत होती. मध्येच म्हणाली, "तू त्याचे शेरे गुळगुळीत करायचीस, ते त्याला माहीत होतं, बरं का."

मी चमचा खाली ठेवला.

"चिडायचा?"

"छे! म्हणायचा, काडी माझे दात काढते, पण हाडाला हात लावत नाही. खुशाल लिहितो मी, ती आहे ना."

दुसऱ्यांदा वाढलेलं संपवलं मी. कसं ते माहीत नाही.

१७ जून

शुद्धिपत्राचा मसुदा बेंतांकोर डॉक्टरांनी केला. टाइप करायला माझ्याकडे आला. शेवटचं वाक्य — "सदर चूक समीक्षकांच्या नजरेतून सुटली."

कागद घेऊन त्यांच्या खोलीत गेले. ते माते, तो कडू पाल्याचा चहा, नळीने ओढत बसले होते, काखेत गरम पाण्याचा थर्मास.

"डॉक्टर, समीक्षकाच्या नजरेतून सुटली नव्हती. अहवालात एक वाक्य होतं. इस्त्री करताना मी —"

त्यांनी हात वर केला. "थांब. कुठलं वाक्य ते सांगू नकोस. मला माहीत नसेल तर मला छापावं लागत नाही."

"पण हे खोटं आहे."

"हे मोघम आहे, निबिया. मोघम आणि खोटं यांत फरक असतो. नाव कुणाचं आहे त्यात? कुणाचंच नाही. समीक्षा गुप्त असते."

"या शहरात? औषधांचे लेख कुणाकडे जातात, ते सगळ्यांना ठाऊक आहे."

ते हसले. "तू अजून दुःखात आहेस. घरी जा. एल्बिओला आता काय फरक पडतोय?"

कागद घेऊन परत आले. खोलीत आल्यावर उत्तरं सुचतात मला, नेहमीच.

टाइप केलं. वाक्यासकट.

१९ जून

स्वयंपाकखोलीत कॉफी करत होते. संपादक मंडळातले दोघे आले. मला पाहिलं नाही, की पाहून मोजलं नाही, कोण जाणे.

"औषधांचा लेख म्हणजे इरिगाराईकडेच गेला असणार."

"बिचारा. शेवटी शेवटी झोपेतच वाचत असेल म्हातारा."

"मग मात्रा बरोबर लागू पडली!"

दोघं हसले. एकाने साखर मागितली. मी दिली.

साखर दिली मी!

२० जून

पाऊस. घरीच. समोरच्या घरातून पुऱ्या तळल्याचा वास — पाऊस पडला की सगळं मोंतेविदेओ तळायला बसतं. आईही करायची. एल्बिओ साखरेत घोळवून खायचा आणि माझ्या ताटातली उचलायचा.

बेंतांकोर डॉक्टरांचं एक म्हणणं खरं आहे, त्याचा विचार करतेय. समीक्षकाचे शब्द त्याला विचारल्याशिवाय उघड करायचे नसतात. नियम मीच नव्या माणसांना समजावते. एल्बिओला आता विचारता येत नाही. म्हणजे नियमाप्रमाणे मी गप्प बसायला हवं.

किती सोयीचा नियम! या आठवड्यात मला तो फार आवडायला लागलाय.

२२ जून

झुल्माकडे. आज सांगायचंच म्हणून गेले होते. त्याच्या वतीने तिची परवानगी घ्यायची, असं ठरवलं होतं.

ती त्याचे कोट काढून ठेवत होती. मी घड्या घालत बसले. तीच बोलत होती. दवाखान्यातले दिवस. तो काय खायचा नाही, नर्सला काय म्हणाला.

"आणि तो बैल, आठवतं?" ती म्हणाली.

मी मान वर केली.

"अगं, शेवटच्या आदल्या दिवशी! डोळे उघडून तुला विचारत होता, काडी, बैल उठला का? दोनदा विचारलं. आणि तू त्याचा हात धरून म्हणालीस, झोपलाय बैल, तूही झोप. केवढे हसलो आपण बाहेर येऊन. कुठल्या शेतात पोचला होता, कुणास ठाऊक."

मला आठवत होतं. तापात बरळतोय असं वाटलं होतं. त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला होता मी.

तो शुद्धीवर होता. विचारत होता — दुरुस्ती झाली ना?

मे महिना होता. मुलगी तेव्हा रिवेरात धडधाकट खेळत असेल. मी दोन मिनिटं विचार केला असता तर एका फोनने काम झालं असतं.

झुल्माला सांगितलं नाही. तिच्यापाशी हसण्यासारख्या एवढ्याच गोष्टी उरल्या आहेत. कोटांच्या घड्या घातल्या, आले.

२३ जून

कामावर गेले नाही. ताप आहे असं कळवलं. ताप नाही.

२४ जून

रिवेराला फोन केला. त्या डॉक्टरांनी ओळखलं नाही आधी. मुलगी घरी गेली म्हणाल्या. चालते, बोलते, भावाचे केस ओढते. पुढे महिनाभर तपासण्या आहेत.

"मी त्या औषधाला आता हातच लावत नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही छापलंत, पण दिलं मी."

त्यांनाही वाटतंय, दोष त्यांचा. माइतेला वाटतंय, तिचा. आणि मी तापाचं कळवून घरात बसलेय.

"तुमचा दोष नाही. सूचना आली होती. मी काढली," मी म्हटलं.

त्या एवढंच म्हणाल्या, "हे लिहून द्याल?"

पहिल्यांदा बोलले. एका अनोळखी बाईला.

२६ जून

शुद्धिपत्राचं शेवटचं वाक्य बदललं. आता असं आहे — "समीक्षकाने या मात्रेच्या धोक्याची स्पष्ट सूचना दिली होती. ती लेखकांना पाठवण्यापूर्वी संपादकीय सचिव निबिया इरिगाराई यांनी वगळली."

एल्बिओचं नाव घातलेलं नाही. त्याचे शब्दही नाहीत. नियम मोडला नाही. आडनावावरून ज्याला कळायचं त्याला कळेल.

बेंतांकोर डॉक्टरांना दिलं. त्यांनी दोनदा वाचलं.

"तुझी नोकरी जाईल."

"हो."

"आणि पुढे एकही समीक्षक आपल्याला मनापासून लिहिणार नाही. आपण शेरे कापतो हे आपणच छापायचं?"

"कापतोच ना, डॉक्टर."

"मी सही करणार नाही."

"मग मंडळापुढे ठेवते."

कपाट बोलायला लागल्यासारखे माझ्याकडे बघत राहिले.

३ जुलै

मंडळाची बैठक. एवढ्या वर्षांत मी तिथे फक्त टिपणं घेतली. आज उभी राहिले. खुर्चीची पाठ धरली. कागद वाचला. मग बैलाचं वाक्यही सांगितलं, कारण एकाने विचारलं, सूचना खरंच स्पष्ट होती का? सांगितल्यावर कुणी हसलं नाही. त्या दिवशी साखर मागणारा टेबलाकडे बघत होता.

एक जण म्हणाले, "ही तर भावाची बाजू घेतेय."

"घेतेय," मी म्हटलं.

एक वयस्क बाई आहेत मंडळात, क्षयरोगाच्या डॉक्टर. त्या म्हणाल्या, "अरे, ती स्वतःच्या नावावर घेतेय आणि तुम्ही भाऊ कसले मोजताय?" हात वर झाले. माझं वाक्य छापायचं ठरलं. सचिव कोण, ते नंतर बघू म्हणाले. इस्त्री बंद. यापुढे शेरे जसेच्या तसे जातील.

बेंतांकोर डॉक्टरांनी ना बाजूने हात वर केला, ना विरोधात. चष्मा पुसत होते.

माइतेला कळवलं. ती रडली नाही. "त्यांनी खरंच तसं लिहिलं होतं?" म्हणाली. "पाठवायचं होतंत हो. मी दोन दिवस रडले असते, इतकंच."

इतकंच.

५ जुलै

संध्याकाळी आवराआवर करत होते. बेंतांकोर डॉक्टर दारात आले. कोट घातलेला, आत आले नाहीत. म्हणाले, "अहवाल तुझ्याकडे यायच्या आधी मी वाचतो, निबिया. सगळे, पहिल्या वर्षापासून. एल्बिओचा तो वाचला तेव्हा मीही हसलो होतो. आकडा चुकलाय, हे मला कळलं होतं. वाटलं, तू मुद्दा ठेवशीलच." आणि जिना उतरून गेले. शुद्धिपत्र सोमवारी छापायला जायचंय. त्यात नाव एकच आहे.