कोरी बांधी

१४ जून २०२५
मातीचे नमुने घ्यायच्या नोकरीचा पहिला दिवस, आणि पहिलं शेत आमचंच! खदानीतून काळ्या दगडाची भुकटी आली — ट्रॉली भरून. धानाच्या बांध्यांत, म्हणजे बांध घातलेल्या तुकड्यांत, पसरायची. विरघळताना ती हवेतला कार्बन धरून ठेवते म्हणे, धानालाही पोषक. जगाचा ताप उतरवायला आता आम्ही! नऊ गावांत चाचणी आहे. आकडे चांगले आले तर अख्ख्या परसवाडा तहसिलीच्या आराखड्यात भुकटी — तीस वर्षांसाठी.

प्रत्येक गावात एक बांधी मात्र कोरी ठेवायची, तुलनेला. आमची विहिरीजवळची निवडली. बाबा म्हणाले, "हिनं काय पाप केलं?" मला हसू आलं.

२ जुलै
रोपं लावून झाली, रोवणा आटोपला. कंबर गेली.

९ ऑगस्ट
मातीचा नमुना घ्यायला कोऱ्या बांधीत हात घातला, तर बोटं राखाडी! बाबांना विचारलं. लपवाछपवी त्यांना कुठे जमते!

"हौ, मीच टाकली. रोवण्याच्या आधी, दहा टोपले. एका लेकराले वाढाचं अन् दुसऱ्याले नुसतं बसवाचं? मले नाई पाहावलं."

ओरडले मी. वडिलांवर! त्यांनी एवढंच विचारलं, "तुही नौकरी जाईन का?" मग जेवलेच नाहीत. मीही नाही.

१० ऑगस्ट
शेजारच्या पडीक जमिनीतली माती नमुन्याच्या पिशवीत भरली तर कोणाला कळणार? कोणालाच नाही. पण खोट्या आकड्यावर तीस वर्षं, इतक्या लोकांची शेतं! आणि खरं सांगावं तर बाबांची मान खाली. मला रोज सायकलवर बसवून शाळेत नेणारा माणूस. काय करू?

११ ऑगस्ट
बालाघाटच्या ऑफिसात चाचणीचे प्रमुख विवेक सरांना सांगितलं. बाबा इस्त्रीचा सदरा घालून सोबत आले होते. माझ्या आधी तेच बोलले — "साहब, गलती मेरी है, बिटिया की नहीं."  सर नुसतं म्हणाले, "देखते हैं".

येताना बाबांनी समोसा घेऊन दिला. रडू आलं. फार जीव आहे माझा त्यांच्यावर — तोंडावर कधी म्हणवत नाही.

२६ ऑगस्ट
सरांचा फोन. आमचं ऐकल्यावर त्यांनी नऊही कोऱ्या बांध्यांची माती तपासली. सातांत भुकटी निघाली! आराखडा थांबला. उरलेल्या दोन खरंच कोऱ्या — त्यांचे मालक रायपूरला राहतात.