कडीवरचा हात

१२ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बावीस वर्षांनी पत्र लिहितोय, तेही मंडळाने ठराव केला म्हणून. उगाच भलता अर्थ काढू नकोस. प्रार्थनागृहाच्या समोरच्या भिंतीसाठी पोथीच्या सातव्या अध्यायाचं मोठं चित्र तुझ्याकडून करून घ्यायचं ठरलंय. तुझं नाव निघालं तेव्हा मी गप्प बसलो, म्हणजे विरोध केला नाही, याची नोंद घे.

प्रवचन मी करतो, तेव्हा अर्थ सांगणंही माझ्याकडेच आलं. उपाशी पाहुणा तिन्हीसांजेला एका सज्जनांच्या घराशी येतो. आत बाप अंथरुणाला खिळलेला, आई चुलीशी, शिवाय एक तरणा मुलगा. उंबऱ्यावर दिवा स्थिर जळतोय. एवढ्यात दार लागतं, पाहुणा फिरतो आणि त्या घराची विहीर आटते. दार म्हणजे मनाचं दार, असं मी आजवर सांगत आलोय. ते चित्रात दिसलं पाहिजे. सोबत अध्यक्षांचा फोटो आहे. पाहुण्याचं नाक त्यांच्यासारखं यावं अशी त्यांची नम्र इच्छा आहे.

आई बरी आहे. तिला भेटायचं मनात आणू नकोस, तिला झेपणार नाही.

लोभ असावा असं लिहायची रीत आहे, ती पाळतो.

तुझा धाकटा भाऊ

२० जानेवारी

चि. प्रवचनकारांस,
अनेक आशीर्वाद. एकाने तुझं भागणार नाही.

अध्यक्षांचं नाक घेतलं. पण पाहुणा चाळीस दिवसांचा उपाशी, आणि फोटोत नाकाखाली हनुवट्या तीन. त्या तुमच्या तुम्हाला लखलाभ.

आता कामाचं बोलू. दार कोणी लावलं ते पोथीत लिहिलेलंच नाही! तुझं बरं आहे रे, ‘दार लागलं’ म्हणायचं, घोटभर पाणी प्यायचं आणि पुढच्या ओवीवर जायचं. मला चित्राच्या फळीवर कडी काढायची आहे आणि त्या कडीवर हात. मनाच्या दाराला हात लागत नसेल, माझ्या दाराला लागतो. कोणाचा काढू? विद्वान आहेस, विचार करून कळव.

आईला मात्र या वर्षी भेटणारच. ती सत्तरीपार गेली आणि मीही काही काल लग्न झालेली नाही. इतकी पत्रं लिहिली, एकाचंही उत्तर नाही. तिच्यापर्यंत पोचतात ना ती?

कळावे. लोभाचं तू बघ, आशीर्वादाचं मी बघते.

ताई

२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

खूप विचार केला. वारा काढ. पडदे उडव, झाडं वाकव, दार आपोआप लागेल. अध्यक्षांनाही एकदम पटलं, कारण वाऱ्याचा कोणी नातेवाईक मंडळावर नाही. वारा जमत नसेल तर बापाचा हात दाखव. आपले बाबाच डोळ्यांसमोर ठेव हवं तर. ते आता नाहीत, त्यांची हरकत असणार नाही.

आई तुझं नावही काढत नाही. त्या दिवशी तू दार आपटून निघून गेलीस ते तिच्या मनातून जात नाही. आता उकरून काय मिळणार?

राग नसावा, लोभ असला तर बरं.

तुझा भाऊ

२८ मार्च

चि. प्रवचनकारांस,
आशीर्वाद, नाइलाजाने.

उत्तराला उशीर झाला, कारण ते फळीवर लिहीत होते.

मी दार आपटलं? वा रे वा! चोराच्या उलट्या बोंबा! आणि वारा म्हणे! उंबऱ्यावरचा दिवा स्थिर जळतोय हे तूच लिहून पाठवलंस ना? दार लावणाऱ्या वाऱ्याने ज्योत हलत नाही होय? बावीस वर्षं पोथी वाचतोस की नुसती पानं उलटतोस?

बाबांवर ढकलताना लाज कशी वाटली नाही? त्यांची कंबर प्लास्टरमध्ये होती, त्यांनाच बघायला मी आले होते. तुला नुकतंच प्रवचनाला बसवलं होतं, आणि रंगाऱ्याबरोबर पळून गेलेली बहीण घरात दिसली तर आसन जाईल म्हणून तुझी पाचावर धारण बसली होती. फटीतून मी हात पाहिला. करंगळी वाकडी. लहानपणी भिंतीवरून पडलास तेव्हा माझाच ब्रश बांधून ती बसवली होती मी, बसली तशी बसली. ती करंगळी माझ्याइतकी कोणाला काढता येणार?

आई तेवढी दाराकडे धावताना काढली आहे. कडीचा आवाज ऐकू गेला असता तर आपली आई अशीच धावली असती.

चित्र आज ट्रकने निघालं. सांग आता लोकांना अर्थ.

ताई

११ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

झाली शोभा. अर्थ सांगायला उभा राहिलो, काठीने दार दाखवलं, आणि सभेत खसखस पिकली. पुढच्या रांगेतल्या शिंपीणकाकूंनी मोठ्याने सगळ्यांना सांगितलं की महाराजांची करंगळी बघा. मी काठी दुसऱ्या हातात घेतली, तर लोकांची हसून हसून मुरकुंडी वळली. अध्यक्ष नाकावर खूश आहेत, त्यामुळे चित्र काही हलणार नाही.

ताई, तेवढी करंगळी सरळ कर. पाया पडतो. मी घाबरलो होतो गं. वीस वर्षांचा होतो. नंतर दर वर्षी वाटायचं आता लिहावं, आणि दर वर्षी ते जास्त अवघड होत गेलं.

आई नवा चष्मा लावून बराच वेळ चित्राकडे बघत बसली होती. तेव्हापासून माझ्याशी बोललेली नाही. काल फक्त पोस्टाचं पाकीट मागितलं. काय लिहितेय ते दाखवत नाही.

लोभाची या खेपेला खरंच गरज आहे.

तुझा भाऊ

१३ एप्रिल

चि. पोरीस,
आशीर्वाद.

चित्र पाहिलं. करंगळी हुबेहूब. ती सरळ करू नकोस, त्याचं रडगाणं ऐकू नकोस.

तू दार आपटून गेलीस असं त्याने सांगितलं आणि मी हूं म्हटलं. अगं, ज्या घरात तीस वर्षं राबले, तिथली कडी आतून लागली की बाहेरून, हे मला आवाजावरून कळत नाही होय? स्टोव्हवर दूध होतं, उतू जाईल म्हणून उठले नाही, असं मी मनाशी म्हणत आले. दूध मी केव्हाच उतरवलं होतं. तुझी पत्रं कुठल्या कपाटात आहेत तेही ठाऊक होतं. किल्ली कधी मागितली नाही. मुलाच्या घरात राहायचं होतं ना मला.

म्हणून तुझ्या चित्रात एक चूक आहे. ती आई धावताना काढलीस. एवढी चांगली मला काढू नकोस, बाई. पोथीत चुलीशी लिहिलंय, म्हणजे दाराकडे पाठ. ती पाठमोरी कर.

रविवारी दुपारच्या गाडीने येते. तो सोडायला येतोय, त्याला आत घ्यायचं की नाही ते तू ठरव. माझी पाठ नीट बघून घे. आता वाकली आहे, वाकलेलीच काढ.

शेवटी लोभ मागतात. मला मागायचं तोंड नाही, तरी मागते.

तुझी आई