म्हाळात घेतलेली गाडी

अण्णा, तुमचा राग नव्हता हे मला गेल्या रविवारी कळलं, आणि तेव्हापासून मी पोटभर जेवतोय.

आईचे गुडघे आता बसची पायरी चढू देत नाहीत आणि परळला डॉक्टरकडे दर आठवड्याला जावं लागतं, म्हणून मी जुनी गाडी घेतली. विकणारा परदेशी निघालेला, तो थांबेना, आणि गाडी ऐन पितृपक्षात दारात आली. आईने नारळ फोडायला साफ नकार दिला. "म्हाळात गाडी कोण घेता रे?" एवढं म्हणून ती आत गेली. मग स्वयंपाकघरातून, माझ्याकडे न बघता म्हणाली, "तेंची टॅक्सी इकलंस तेव्हा वरीसपण झाला नव्हता." तुम्ही गेल्यापासूनची वीस वर्षं तिने हे पोटात ठेवलं होतं. मीही ठेवलं होतं.

आठ दिवसांत गाडीने रंग दाखवायला सुरुवात केली. पार्किंगमध्ये कोणी हात न लावता हॉर्न वाजायचा. गाडीतलं घड्याळ रोज सकाळी बारावर जाऊन बसलेलं. काच अर्ध्यावर अडकायची, आणि स्टिअरिंगमागचे लाल-पिवळे दिवे असे लागायचे की जणू आमच्याकडे लग्न आहे. इंजिन मात्र चालू व्हायचं, जरा कण्हत, पण व्हायचं. म्हणून मेकॅनिकने दोनदा वायरिंग तपासलं, एक सेन्सर बदलला. उपयोग शून्य. मग एकदा आई आत बसलेली असताना दरवाजे आपोआप लॉक झाले आणि पाच मिनिटं उघडेनात. बाहेर आली ती पुन्हा बसलीच नाही. गावच्या देवाला गाऱ्हाणं घातलं, पुढे लिंबू-मिरची बांधली आणि स्वतः बसने जायला लागली, कठडा धरून, एकेक पाय वर ओढत. गाडी खाली उभी आणि आई बसस्टॉपवर. मला ते बघवत नव्हतं. आणि टॅक्सीवाल्याचा पोरगा मी, बोनेट उघडल्यावर आधी काय बघायचं हेच विसरलो, कारण तुम्ही चिडला आहात हे मनात पक्कं बसलं होतं. म्हाळाच्या पानाला कावळा लगेच शिवला, तरी आम्हा दोघांचं समाधान झालं नाही.

रविवारी आई देवळातून आली आणि धापा टाकत पार्किंगमधल्या कट्ट्यावर टेकली. आपली चाळ पाडून टॉवर झालाय, त्याचं हे पार्किंग. समोर कोरी भिंत. ती भिंत बघितली आणि मला आपली चाळ आठवली. मी दहावीत आहे, तुमच्या टॅक्सीचा हॉर्न घसा बसल्यासारखा वाजतोय, म्हणून मी तो सोडवून वर्तमानपत्रावर मांडलाय. तुम्ही येता, डोक्यात टपली मारता. "आधी बॅटरी बघ. उपाशी माणूस काहीबाही बरळतो, म्हणून काय त्याच्या जिभेला औषध लावतात?" मग टॅक्सी भिंतीकडे तोंड करून लावता, हेडलाइट लावता आणि मला भिंतीपाशी उभं करून सेल्फ मारता. मी ओरडायचं, भिंतीवरचे दिवे गेले की राहिले; गेले तर बॅटरी उपाशी.

मी आईला म्हटलं, गाडीत बसू नकोस, फक्त भिंतीकडे बघ. हेडलाइट लावले, सेल्फ मारला. "गेले," आई म्हणाली. इंजिन लागलं. "आले." मी पुन्हा बंद करून मारला. पुन्हा गेले, पुन्हा आले. तिसऱ्यांदा तिने भिंतीवरून नजर काढून माझ्याकडे बघितलं. मग हळूच म्हणाली, "तेंनीच शिकवलेला ना तुका ह्या?"

मी हो म्हटलं. नायगावच्या बॅटरीवाल्याने मीटर लावून सांगितलं की बॅटरी संपलीय. सेल्फ मारायपुरता जोर कसाबसा येतो, पण तेवढ्यात बाकीच्यांच्या वाटचं उडून जातं, आणि हल्लीच्या गाड्यांत सगळं कॉम्प्युटरवर, त्याला कमी पडलं की तो वेड्यासारखा वागतो. नवीन बॅटरी बसवली. आठ दिवस गाडी गरीब गाईसारखी आहे. घरी आलो तेव्हा आई नारळ घेऊन खालीच उभी होती. "मगे तेंचो राग नाय?" तिने विचारलं. नाय गे आई, मी म्हटलं. तिने नारळ फोडला, पुढच्या सीटवर बसली आणि पदर सावरून म्हणाली, "चल." मला रडू आलं, अण्णा, बरं वाटून.

हे पत्र कुठे टाकणार? बॅटरीच्या वॉरंटी कार्डाबरोबर गाडीच्या कप्प्यात ठेवतोय. एक गोष्ट मात्र आईला अजून सांगितलेली नाही. सर्वपित्रीच्या दुपारी हॉर्न वाजायचा थांबेना, तेव्हा मी आत जाऊन बसलो, स्टिअरिंगवर हात ठेवला आणि मोठ्याने म्हणालो, "चुकलं अण्णा. टॅक्सी तुमच्याशिवाय दारात उभी बघवेना, म्हणून विकली." हॉर्न थांबला. आता कळतंय, बॅटरी दमली म्हणून थांबला. तरी ते बोललो ते बरं झालं.