दोराच्या आत

४ मार्च १९३७
तंबूंभोवती दोर बांधला! शेरीफचा माणूस बंदूक घेऊन बसलाय. पलीकडच्या रांगेत गोवर निघालाय म्हणे. कुणी बाहेर जायचं नाही. वाटाण्याचा तोडा कालच संपला — इथं काम नाही, आणि काम असेल तिथं जाता येत नाही. माझा नवरा डूई म्हणाला, "ओक्लाहोमात धुळीनं कोंडलं, कॅलिफोर्नियात दोरानं."

९ मार्च
मक्याचं पीठ, पाणी. पुन्हा मक्याचं पीठ.

१६ मार्च
नर्स येऊन गेली. नवा रुग्ण नाही. शनिवारी दोर काढणार!
शेजारची ब्यूला बाळाला नाचवत म्हणाली, "सलिनासच्या मळ्यांत लेट्यूसची भाजी तोडायला आलीय, लिओटा. बरोबरच निघू." डूईनं दिवसभर मोटारीखालून डोकं काढलं नाही. शीळ घालत होता. किती दिवसांनी!

१८ मार्च
आमच्या ओपलच्या कानामागं पुरळ. अंग तव्यासारखं तापलंय.
डूईला दाखवलं. म्हणाला, "तोंडाला पीठ चोळ, पुरळ दिसायला नको. रुमाल बांध. दोनच दिवस."
"आणि ब्यूलाचं बाळ?"
"मला माझी माणसं जगवायचीत."
तो वाईट नाही. स्वतःचं ताट पोरीपुढं सरकवतो, गाल पार आत गेलेत. मी पीठ चोळलं — हो, चोळलं! ओपल म्हणते, "आई, खाज सुटते गं."
दुपारी ब्यूला मीठ मागायला आली. बाळानं ओपलकडं हात पसरले. मी मध्ये उभी राहिले. "आत येऊ नकोस." तिनं माझ्याकडं पाहिलं. तिला कळलं. बाळाला उराशी झाकून निघून गेली.

१९ मार्च
नर्सला मीच सांगितलं. आणखी दोन आठवडे! सगळ्या रांगांतून शिव्या. "तुझ्या एका पोरीपायी आमची पोरं उपाशी मारणार का गं?" — तोंडावर विचारलं एकीनं. ब्यूलानं तिच्या तंबूचं दार आमच्या बाजूनं काढून दुसरीकडं फिरवलं.
डूई मोटारीत बसून होता. जेवण नेलं. "मला विचारायचं तरी, लिओटा," एवढंच म्हणाला. ताटाला हात लावला नाही.

२१ मार्च
ओपलचा ताप उतरला.
डूई पहाटेच दोराखालून गेला. पायी. मोटारीची किल्ली माझ्या बुटात सापडली.