हातचा

३ मार्च
ती. बाबांस, शि. सा. न. वि. वि.
योजना खात्यातले माझे काम नीट समजावून सांगते. कोळसा सरकारचा, वीजही सरकारची. कोणत्या वीजकेंद्राला किती कोळसा द्यायचा ते आम्ही ठरवतो. विजेच्या एका युनिटमागे केंद्रातला प्रत्येक जनित्र-संच किती कोळसा खातो ते मांडायचे आणि सर्वांत खादाड पाच संच बंद करायचे. किती स्वच्छ रीत आहे पाहा! पाढे चुकवणारी पोर देशाला गणित शिकवते, म्हणून हसाल. पण बाबा, तुमच्या केंद्राचा तीन नंबरचा संच त्या पाचांत आला आहे. इतर केंद्रांचे आकडे मी तपासले. तुमच्या सहीचे डोळे मिटून घेतले.
या बातमीनेही लोभ उणा होऊ नये.
तुमची मास्तरीण

१० मार्च
चि. मास्तरणीस, अ. उ. आ.
तुझी रीत बिनचूक आहे. खोट माझ्या सहीत आहे. कोळशाची गाडी महिन्यातून दोनदा तरी चुकते. तेव्हा रुग्णालय अंधारात पडू नये म्हणून आम्ही खप दहावा हिस्सा जास्त लिहितो आणि उरलेला कोळसा आवारामागे साठवतो. त्या ढिगाला इथे सगळे ‘हातचा’ म्हणतात. संच खादाड नाही गं, आमच्यापायी बोलणी खातो आहे. तो थांबला तर चारशे माणसे घरी बसतील. आई म्हणते, आता पोरीला तरी खरे सांगा.
बाबांवर माया असू दे.

१४ मार्च
ती. बाबांस, शि. सा. न.
उपाय क्रमाने सांगते. खरा खप लेखी कळवला, तर संच सुटतो. मात्र खोटा खप लिहिणारा बडतर्फ होतो, आणि तुमच्या निवृत्तीला सातच महिने उरले आहेत. यादी वीस तारखेला छापायला जाते. तुम्ही गप्प राहिलात, तर मीही गप्प राहीन.
तुमचीच

१७ मार्च
चि. पोरीस, आशीर्वाद.
निवेदन आज धाडले. सही एकट्याची, बाकीच्यांनी माझ्या हुकमाने लिहिले, असे नमूद केले आहे. रडत बसू नकोस. जमल्यास तुमच्या तक्त्यात गाडी चुकण्याचा एक रकाना घाल.
बाबा

२६ मार्च
ती. बाबांस, शि. सा. न.
तीन नंबर यादीतून निघाला. नाते कळवावे लागते. ‘वडील’ असे लिहिले, तेव्हा फाइल दुसऱ्या मेजावर गेली. तिथल्या साहेबांनी तुम्हांला बडतर्फ केले आणि हातचा जप्त केला. रकाना मात्र नामंजूर झाला. सरकारी गाडी चुकते असे सरकारी तक्त्यात लिहिता येत नाही, असे ते म्हणाले.
आदेश शनिवारच्या टपालाने निघेल. त्याआधी मी घरी पोचते. तो वाचताना तुम्ही एकटे नसावे.