गावभर गुलाबी ओठ

चिरंजीव रोसेंडा हिला मोठ्या भावाचा (वयाने मोठ्या, बाकी मोठेपण तू जाणतेसच) मनःपूर्वक आशीर्वाद.

मिलानच्या थंडीत तुझे गुडघे कसे आहेत? तू ज्या आजीबाईंची शुश्रूषा करतेस त्यांचे गुडघे तुझ्यापेक्षा बरे असल्याचे कळले. ईश्वराचा न्याय अगाध आहे. इकडे लागुनात सर्व क्षेम. हे वाक्य नाताळच्या आदल्या दिवशी मला लिहिता आले नसते.

आपल्या घरचा लाकडी बाळ येशू तुला आठवत असेलच. नाताळच्या सकाळी प्रार्थना संपली की साऱ्या गावाने रांगेने त्याच्या पायाचे चुंबन घ्यायचे, हा मान आपल्या घरच्या मूर्तीचा. बाबा आपल्याला उचलून धरायचे. देवळाबाहेर केळीच्या पानावर भाजल्या जाणाऱ्या तांदळाच्या गोड बिबिंकाच्या वासाने तू एवढी व्याकूळ व्हायचीस की एके वर्षी भक्ती आणि भूक यांचा घोळ होऊन तू बाळाच्या अंगठ्यालाच चावलीस. बाबांनी तो मेणाने जोडला आणि आईला सांगितले, उंदीर. (आई अजून त्या उंदराचा उद्धार करते.)

यंदा पाद्री आन्सेल्मो यांनी अत्यंत मृदू शब्दांत सुचवले की बाळाचा रंग सोलवटला आहे, आणि पर्पेतुआकाकूंनी मनिलाहून नवे लखलखीत बाळ आणले आहे, तेव्हा... आईने जेवण सोडले. बाबा गेल्यापासून गाव तिला वाट करून देते असा वर्षातला हा एकच दिवस, तोही काकूंच्या घरी जायची वेळ आली. मूर्तिकाराला नाताळपर्यंत मान वर करायला फुरसत नव्हती. अव्यापारेषु व्यापार करू नये, असे शाळेतल्या मुलांना जन्मभर शिकवून मी स्वतःच कुंचला उचलला आणि आदल्या दुपारी बाळाला नखशिखान्त गुलाबी तैलरंग दिला. सकाळी बोट लावून पाहिले, कोरडा. (बोट डोक्याला लावले होते. चुंबन पायाचे घेतात, हा सूक्ष्म विचार मला सुचला नाही.)

पाद्रींनी बाळाकडे पाहून मान डोलावली आणि पहिला मान आईचा झाला. मग रांग. प्रत्येक चुंबनानंतर सेवेकरी रुमालाने पाय पुसत होता, म्हणजे रंग अधिक समप्रमाणात पसरवत होता. आपली मूर्ती असती तर, या भावनेने काकूंनी दोनदा चुंबन घेतले. मी खांबाआड उभा राहून पाहिले, तर देवळातून बाहेर पडणारा प्रत्येक माणूस, सरपंचासकट, ओठांना लाली लावून सणाला निघालेला.

काकू गरकन वळून म्हणाल्या, "फादर, हे काय चाललंय? देवळात रंगरंगोटी?"

पाद्रींचे स्वतःचे ओठ गुलाबी होते. त्यांनी बराच वेळ खोकल्यासारखे केले आणि म्हणाले, "काकू, पुढच्या वर्षीही हेच बाळ. इतकं मनापासून कुणालाच बिलगलं नव्हतं."

मी आईकडे पाहायचे धाडस केले. तोंडाला पदर नसल्याने तिने हातपंखा लावला होता, आणि पंखा हलत होता. ती हसत होती, गं. घरी येऊन तीन बिबिंका खाल्ल्या. ओठ मात्र संध्याकाळपर्यंत पुसू दिले नाहीत.

तुझा दादा,
एलेउतेरिओ

ता. क. : हा रंग कुठला, असे आईने देवळातच विचारले होते. मी घाबरून तुझे नाव सांगितले : रोसेंडाने इटलीहून धाडला. नवीन वर्षाचा फोन करशील तेव्हा थोडी ओशाळ. भावासाठी एवढे करशीलच.

ता. क. २ : वरचा ता. क. रद्द समज. आई आत्ताच बाजारातून आली. माझ्या लेकीने परदेशातून रंग पाठवून घरचा मान राखला, असे ती मासळीवालीपासून पाद्रींपर्यंत सर्वांना सांगते आहे, आणि मला म्हणाली, "तू शिक काहीतरी तिच्याकडून." तरी फोनवर, कसेही करून, रंग दादाचाच होता हे तिला सांग.